सुई आणि बर्फ धरणारी टॅक्सी

माझ्या सुनेला सगळे सुई म्हणतात. हे नाव माझ्या धाकट्यानं ठेवलं, तेही लग्नाच्या आधी. ती तेव्हा आमच्या गॅरेजच्या शेजारच्या गाळ्यात गाड्यांची सीटकव्हरं शिवायची. अंगानं काडी, बोलणं टोचरं, दिवसभर मशीनवर वाकलेली. धाकटा काही ना काही निमित्त काढून तिच्याकडे जायचा. निमित्तं संपली तेव्हा त्यानं आमच्या मोडक्या स्टुलाला कव्हर शिवून घेतलं. ते स्टूल अजून आहे. कव्हर स्टुलापेक्षा भारी आहे.

धाकटा गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. फक्त एसी. इंजिनाला हात लावायचा नाही. म्हणायचा, "मी गाडीच्या फुंकरीचा डॉक्टर, पोटाचा नाही." लग्नानंतर सुई हे काम शिकली, पण तिला कुणी समोर बसवून शिकवलं नाही. त्याचा हात जाडजूड, डॅशबोर्डच्या मागं जायचा नाही. मग तो हिला हाक मारायचा. ही हात आत घालायची आणि विचारायची, "हे गोल काय लागतंय?" तो बाहेरून सांगायचा. असं विचारता विचारता गाडीचं आतलं घर हिला पाठ झालं, इतकं की पुढं पुढं ही आतून सांगायची आणि तो बाहेर नुसता हं हं करायचा.

मागच्या थंडीच्या तोंडाला तो गेला. सकाळी चहा घेऊन खाली उतरला, शटर अर्धं वर केलं आणि तिथंच बसला. एवढंच झालं. लोक आले, बसले, गेले. मग यायचे थांबले. मी सुरुवातीला रडले, नंतर मलाही रडू येईना. नळ सोडावा आणि नुसती हवा फुसफुसावी, तसं. सुई तर रडलीच नाही. लोक आपसात बोलले त्यावर, बोलायचेच.

कुणी विचारलं कशा आहात, तर आम्ही दोघी "बऱ्या आहोत" म्हणायचो, आणि ते खोटं नव्हतं. दात काढण्याआधी सुई टोचतात ना, तेव्हा ओढलेलं कळतं पण दुखत नाही, तसं चाललं होतं. स्वयंपाक होत होता. जेवण होत होतं. मीठ जास्त झालं तर दोघींपैकी कुणी बोलत नव्हतं. एकदा मी चहात साखरच टाकली नाही. ती प्यायली, मी प्यायले, कप विसळले.

गॅरेज सुईनं उघडलं. थंडीत एसीची कामं नसतात, त्यामुळे उघडून बसायचं एवढंच काम होतं. ती स्टुलावर, मी शटरपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर फोन. फोन उचलायचा आणि "देते हं" म्हणायचं, ही माझी नोकरी.

पलीकडे टायरवाल्याचं दुकान. माणूस वाईट नाही. धाकट्याचा मित्र होता, आणि तो गेला त्या दिवशी सगळी धावपळ त्यानंच केली. एक दिवस तो येऊन उभा राहिला, चुळबुळ केली आणि म्हणाला, "वहिनी, एकटीनं हे रेटायचं म्हणजे कठीण. हा गाळा मला द्या. माझे टायर रस्त्यावर आलेत. तुम्ही परत सीटकव्हरं शिवा, माझ्याकडे एक कोपरा देतो, उजेडाचा."

"बघते, भाऊजी," सुई म्हणाली.

"घाई नाही. उन्हाळा लागला की सांगा."

"बघते."

मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. राग नाही, वाईट वाटलेलं नाही, काही नाही. कुणी विचारावं खिडकी लावू का, आणि आपण म्हणावं लाव, तसं तोंड.

उन्हाळा लागला आणि भोंगा आला. भोंगा म्हणजे एक टॅक्सीवाला, साठीचा. हाक म्हणून मारत नाही. कोपऱ्यावरूनच हॉर्न वाजवत येतो आणि गाडी थांबली तरी वाजवतो. धाकट्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या शब्दावर स्टँडवरच्या सगळ्या टॅक्स्या आमच्याकडे यायच्या. हे सुईला माहीत होतं, मलाही.

"पोरी, एसी आधी छान लागतो," भोंगा म्हणाला, "आणि मग मरतो. अर्ध्या वाटेत. गाडी थोडा वेळ उभी केली की परत छान."

सुईनं गॅस बघितला. बरोबर होता. समोरच्या जाळीवरचा पंखा फिरत होता. हवेची गाळणी काढून झटकली, त्यातून निम्म्या शहराची धूळ निघाली. मग तिला समोरच्या काचेखाली बाहेरच्या हवेचा आकडा दिसला, तो चुकीचा होता. ऊन रणरणत असताना गाडी म्हणत होती, बाहेर गारवा आहे. गाडीच्या पुढच्या बंपरमागं एक सेन्सर असतो, तो बाहेरचं ऊन मोजतो. तो बिघडला तर गाडीला वाटतं बाहेर थंडी आहे, आणि ती एसी चालवायला कंटाळा करते. सुईनं तो बदलला. आकडा सुधारला. तिनं गॅरेजसमोर गाडी सुरू केली, हवेच्या जाळीवर मनगट धरलं. गार. गाडी दिली.

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरून हॉर्न.

"तेच," भोंगा म्हणाला. "तसंच्या तसं."

सुईनं पुन्हा सगळं तपासलं, वायरी हलवून पाहिल्या, एक रिले, म्हणजे विजेचा छोटा खटका, बदलला, मनगट धरलं. गार. गाडी दिली.

त्या दिवशी टायरवाला चहा घेऊन आला आणि विषय त्यानं काढला नाही, सुईनंच काढला. म्हणाली, "भाऊजी, ही टॅक्सी मला जमली तर गाळा माझ्याकडेच राहील. नाही जमली तर किल्ली तुमची. जी गाडी त्याला जमली असती ती मला जमत नसेल, तर शटर उघडून बसण्यात काय अर्थ आहे."

"अहो, एका गाडीवर कसलं ठरवता."

"कशावर तरी ठरवायचं ना."

हे सगळं ती भाजीला काय करू असं विचारावं तशा आवाजात म्हणाली. टायरवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

तिसऱ्यांदा भोंगा आला तेव्हा त्यानं हॉर्न वाजवला नाही. ते वाजवण्यापेक्षा वाईट वाटलं. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "पोरी, मला राग नाही. पण मागं बसणाऱ्याला येतो. काल एका साहेबानं माझाच पुठ्ठा घेऊन वारा घेतला, आणि उतरताना पुठ्ठाही घेऊन गेला."

"काका, आजचा दिवस द्या."

"आजचा दिला. उद्या मात्र दुसरीकडे दाखवतो. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही घेत," सुई म्हणाली, आणि खरंच घेतलं नव्हतं. मनाला काही लागतच नव्हतं तर घेणार कुठून. भोंगा टायरवाल्याकडे जाऊन बसला.

इथं मला एक आमच्या घरातली पद्धत सांगायला हवी. धाकटा असताना कुठलीही गाडी फिरवून पाहिल्याशिवाय द्यायचा नाही, आणि फिरवताना मागच्या सीटवर मी लागायची. "आई, चल, गिऱ्हाईक हो," म्हणायचा. यंत्रावरचा आकडा कितीही चांगला असो, त्याचं म्हणणं असं की एसी मागं बसणाऱ्यासाठी असतो आणि मागं बसणाऱ्याला आकडा दिसत नाही. मी धान्य निवडायचं ताट घेऊन मागं बसायची. पुढच्या हवेच्या जाळीला तो एक चिंधी बांधायचा, हवा किती जोरात येते ते दिसावं म्हणून. चिंधी शेपटीसारखी फडफडायची. गोदामाच्या भिंतीला वळसा, पुलाखालून, परत. गुडघ्यांना गार लागलं की मी नुसतं "गुडघे" म्हणायचं. मग तो गाडी वळवायचा. माझ्या गुडघ्यांवर कितीतरी गाड्या पास झाल्या. माझ्याइतकी गाडीत बसलेली आणि कुठंच न गेलेली बाई सापडायची नाही.

तो गेल्यावर हे बंद झालं. बंद करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. सुई गॅरेजसमोर गाडी उभ्या उभ्या तपासायची, मनगट धरायची आणि देऊन टाकायची. ती बस म्हणाली नाही, मी उठले नाही.

त्या दिवशी दुपारपर्यंत तिनं सगळं पुन्हा केलं. मग हात पुसून टॅक्सीच्या बाजूला नुसती उभी राहिली. टॅक्सी गार हवा फेकत होती, कुठलीच चूक दाखवत नव्हती. मी पाहत होते. मला काही सुचलं वगैरे नाही. पाय आखडले होते म्हणून उठले, आणि उठलेच आहे तर म्हणून ताट घेतलं.

"सुई," मी म्हणाले, "दार उघड. गिऱ्हाईक आलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"कुठं जायचंय?"

"कुठंच नाही."

तिनं दार उघडलं. हत्यारांच्या खणातून जुनी चिंधी काढून जाळीला बांधली. चिंधी तीच होती, कडेला काळी पडलेली. आम्ही निघालो.

गोदामाच्या भिंतीपाशी माझ्या गुडघ्यांना गार लागलं. "गुडघे," मी म्हणाले. तिनं हं केलं. इथं गाडी वळायची. पण तिनं वळवली नाही आणि मलाही वळव म्हणायचं सुचलं नाही. पूल गेला. पुढचा मोठा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड आणि उन्हात उभे ट्रक. ती सरळ चालवत होती, मी ताटातले खडे वेचत होते आणि वेचलेले पुन्हा ताटातच टाकत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. कुठं जातोय हे कुणी विचारलं नाही. दोघींनाही कुठं पोचायचं नव्हतं.

बऱ्याच वेळानं मी वर पाहिलं तर चिंधी दमलेली. आधी शेपटीसारखी होती, आता पावसात भिजलेल्या कोंबडीच्या पिसासारखी खाली आली होती. पंखा तर पहिल्यासारखाच घोंघावत होता.

"सुई, तुझी चिंधी पडली."

तिनं मनगट धरलं. पंखा एक एक करून शेवटपर्यंत वाढवला. आवाज वाढला, हवा नाही. तिनं गाडी कडेला घेऊन बंद केली, खाली उतरली आणि रस्त्यावर गुडघे टेकून गाडीच्या खाली वाकली. बाजूनं ट्रक गेला त्यानं तिच्या अंगावर धूळ उडाली, तिनं पुसली नाही.

"पाणी गळत नाहीये," ती म्हणाली. "एसी चालू होता तर ठिबकायला पाहिजे. कोरडं आहे."

"मग?"

"थांबू."

आम्ही थांबलो. उन्हात गाडी तापली, मला घाम फुटला. मग खालून ठिबक आली. मग ठिबकीची धार झाली, कुणी आतून तांब्या उपडा करावा तशी.

"बर्फ," सुई म्हणाली. "आतल्या कॉइलवर बर्फ धरतोय. हवा जायला जागाच राहत नाही. गाडी उभी केली की बर्फ वितळतो, परत चालू."

मला समजावं म्हणून तिनं आणखी सांगितलं, आणि गेल्या कित्येक महिन्यांत ती एका दमात इतकं बोलली नव्हती. कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या मागची गार होणारी जाळी. तिच्यात एक बारीक सेन्सर खोचलेला असतो, वायरीच्या टोकाला मणी असावा तसा. जाळी गोठायला आली की हा मणी गारवा करणाऱ्या कॉम्प्रेसरला सांगतो, बस, जरा थांब. जाळीचा गारठा उतरला की म्हणतो, चल. दिवसभर असं थांब-चल चाललेलं असतं.

"आणि हा सांगतच नाहीये," ती म्हणाली. "कॉम्प्रेसर थांबतच नाहीये."

परत आलो. भोंगा आणि टायरवाला दोघं शटरपाशी. सुई कुणाशी न बोलता गाडीत शिरली, डॅशबोर्डचा खण उपसून काढला आणि हात आत घातला. खांद्यापर्यंत. तोंड दुसरीकडे, डोळे मिटलेले. मग ते उघडले.

"मणी नाही," ती म्हणाली.

वायर ओढत ओढत तिनं बाहेर आणली. टोकाला मण्याच्या जागी काळ्या टेपचं छोटं गाठोडं. टेपचं शेवटचं टोक उलटं दुमडून त्याचा कान केलेला, धरायला. असं टेपचं टोक जगात एकच माणूस दुमडायचा. "पुढच्याला सोडवायला सोपं जावं," म्हणायचा. पक्क्या कामाला तो कधी कान ठेवायचा नाही. काम तात्पुरतं असलं तरच.

सुईनं कान धरून टेप सोडवली. आत एक छोटा रेझिस्टन्स होता, वीज अडवणारा दाण्याएवढा तुकडा, दोन वायरींना डाग देऊन जोडलेला. तिनं मीटर लावलं. आकडा आला. तिनं तो तुकडा मुठीत धरला, आकडा तोच. मला म्हणाली, "आई, वरून बर्फ आणता?" मी गेले, पेल्यात बर्फ घेऊन आले. तिनं तो तुकडा बर्फाला टेकवून धरला. आकडा तोच. मुठीत तोच, बर्फात तोच. मी त्या आकड्याकडे पाहत राहिले. मला त्याचा राग आला नाही. ओळखीचा वाटला.

"हे त्याचं काम आहे," सुई म्हणाली. सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली. "सेन्सर मिळाला नसेल, म्हणून गाडी चालावी एवढं केलंय. हा कॉम्प्रेसरला सारखं एकच सांगतो, चल. थंडीत कुणी एसी लावला नाही म्हणून कळलं नाही."

भोंगा उठून उभा राहिला. टोपी काढली, परत घातली.

"मला म्हणाला होता," तो म्हणाला. "दोन दिवसांनी ये काका, आत एक वस्तू बदलायची आहे. मी आलो होतो. शटर बंद होतं आणि जिन्यात चपलाच चपला. मी कोपऱ्यावरून परत फिरलो."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुझ्यापुढं त्याचं नाव कसं काढू, पोरी? जीभ उचलेना. वस्तू कुठली ते मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, तुला सापडेलच."

"तीन फेऱ्या मारल्यात, काका."

"तीन काय, तेरा मारल्या असत्या. तेवढं एक नाव नको वाटलं."

टायरवाला जमिनीकडे बघत होता. त्यानंही ते नाव काढलं नव्हतं. मीही नाही. घरात, दुकानात, आल्यागेल्यानं, सगळ्यांनी इतक्या मायेनं तोंडं मिटली होती की एका गाडीत बर्फ साचला. मला हसू आल्यासारखं झालं, आलं नाही.

सुई म्हणाली, "चूक आमच्या दुकानाची आहे. मी बदलून देते."

"चूक कसली. मीच फिरलो ना परत."

"शटर आमचं बंद होतं."

मग मला ते खोकं आठवलं. लोक येत-जात होते त्या दिवसांत एक पार्सलवाला आला होता, मी अंगठ्यासारखी सही करून घेतलं आणि स्टुलाखाली सरकवलं. कुणी उघडलं नाही. मी भोंग्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्टुलाखालून काढलं. सुईनं फोडलं. आत दोन-तीन बारीकसारीक वस्तू, आणि त्यांत ती वायर, टोकाला मणी. त्यानं मागवून ठेवली होती. मी रोज तिच्या वर बसणाऱ्या माणसांना चहा देत होते.

सुईनं नवा मणी बर्फाच्या पेल्यात बुडवला. मीटरवरचा आकडा पळाला. मग मुठीत धरला, आकडा उलटा पळाला. तिनं हे दोनदा केलं. एकदा पुरलं असतं.

वायर जोडून, मणी जाळीत खोचून, खण बसवून झाला तेव्हा मी न सांगता मागं जाऊन बसले. भोंगा पुढं. त्याच रस्त्यानं, पूल ओलांडून, पत्र्याच्या शेडपर्यंत. भोंगा बोलायला लागला की सुई त्याला गप्प करायची, "काका, ऐका." थोड्या वेळानं पुढून टक् असा आवाज आला. कॉम्प्रेसर थांबला. मग पुन्हा टक्, सुरू झाला. चिंधी फडफडतच होती. आम्ही तिघं त्या टक् कडे कान लावून इतके गप्प बसलो होतो की बाजूच्या गाडीवाल्यानं वाकून पाहिलं.

"आता वळू का?" सुईनं विचारलं.

"गुडघे," मी म्हणाले.

भोंगा जाताना कोपऱ्यापर्यंत हॉर्न वाजवत गेला. टायरवाला टायर आत ओढत होता. सुई त्याच्यापाशी गेली.

"भाऊजी, किल्ली राहू दे माझ्याकडे."

"मी कुठं मागतोय," तो म्हणाला. मग त्यानं माझ्या धाकट्याचं नाव घेतलं आणि म्हणाला, "त्याच्या टेपला कान असायचा ते मी विसरलो होतो."

"मी नव्हते विसरले," सुई म्हणाली. "बघितला नव्हता."

ती त्या संध्याकाळी तरी रडली असेल असं वाटेल, पण नाही. जेवताना तिनं आमटीत मीठ जास्त झालंय एवढं म्हटलं. मी म्हटलं, हो, झालंय.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरची एक टॅक्सी आली, अनोळखी माणूस, वेगळीच तक्रार. सुईनं बॉनेट उघडलं, बघितलं, मिटलं, जाळीला चिंधी बांधली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, चला, गिऱ्हाईक व्हा."

त्याचे शब्द होते. मी ताट शोधायला लागले. आत मला अजूनही फारसं काही वाटत नव्हतं. पण गोदामाच्या भिंतीपाशी गुडघ्यांना गार लागलं, ते मी सांगितलं.